लाल चिंधीचा गळ

मासेमारीच्या जुन्या काठ्या दुरुस्त करते म्हणून गल्लीत सगळे तिला काठीवाली म्हणत. वय चौसष्ट. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान होतं. खिडकीशी लाकडी बाक, बिस्किटांच्या डब्यांत रेशमी दोऱ्याच्या रिळांचे ढीग, भिंतीला टेकवलेल्या बांबूच्या काठ्या, आणि सगळ्यावर वॉर्निशचा वास. काम नवऱ्याचं. तो गेला आणि त्याचं कसब तेवढं तिच्या हातांत राहिलं. काठीवर दोरा गुंडाळताना केसाएवढी फट राहिली, तरी ती उसवून पुन्हा गुंडाळी.

बाई मुलखाची घाबरट. नवरा तिची थट्टा करायचा, "हिच्यासमोर बेडकाने उडी मारली तरी ही पंचांग बघेल!" बाकी सगळ्या थट्टांवर ती हसायची. या एकीवर मात्र गप्प व्हायची, आणि का ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या बुधवारी सकाळी निवृत्त मोजणीदार दुकानात आले. जुन्या वस्तू गोळा करण्याचा त्यांना नाद होता. कुणाच्या तरी माळ्यावरून आणलेली एक पेटी त्यांनी बाकावर उघडली. आत पितळी रिळं होती, हिरवी पडलेली. बुचाचे तुकडे, गंजलेले गळ, आणि तळाशी हातभर लांबीची एक आखूड काठी. काठीला जाड दोरा, दोऱ्याच्या टोकाला गळ आणि गळावर विटलेली लाल चिंधी.

"हे काय प्रकरण आहे? एवढ्याशा काठीने कुठला मासा येणार?"

काठीवालीने ती काठी लगेच ओळखली. "मासा नाही," तिच्या तोंडून निघून गेलं. "बेडूक. चिंधी नाकासमोर नाचवली की किडा समजून झेप घेतो."

मोजणीदार खूश. "म्हणजे तुम्ही पकडलेत! आणि खाल्लेही?"

"लहानपणी. घरात दुसरं काही नसायचं तेव्हा."

"अहो, मग रविवारी बघाच! आमच्या मागच्या डबक्यात गर्दी आहे नुसती. मुलगी आलीये माहेरी. तिलाही खिलवतो."

तिला म्हणायचं होतं, थांबा, सगळे खायचे नसतात. पण ते बोलायचं तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. तिने दोरा बदलला, गळाला धार केली, चिंधी झटकली. मोजणीदार शीळ घालत निघून गेले.

गुरुवार कसाबसा गेला. शुक्रवारी तिने एकच काठी तीनदा उसवली. डोळ्यांसमोर सारखं एक पातेलं येई, आणि त्यात ओकायला ओणवलेले बाबा.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबांचं होडीचं काम बंद पडलं होतं. आई शिळं पुरवून पुरवून वाढायची. दादा आणि ती दुपारी दलदलीच्या काठाने चिंधीचा गळ घेऊन फिरत. आईची ताकीद होती, गुळगुळीत बेडूक तेवढे आणायचे. कोरड्या पाठीचा, फोडाफोडांचा दिसला तर हातही लावायचा नाही. एके दिवशी दादाला ताप होता. ती एकटीच गेली. दुपारभर चिखल तुडवून दोन मिळाले, तेही अंगठ्याएवढे. परतताना एका दगडाखाली तो दिसला. भलामोठा, सुस्त, खरखरीत. पळालासुद्धा नाही.

घरी आई नव्हती. तिने न्हाणीत बसून घाईघाईने स्वतःच सोलला. कातडी गेली, मग कोण ओळखणार?

मोठे तुकडे बाबांच्या ताटात पडले. घटकाभरात बाबांना उलट्या सुरू झाल्या. दादालाही दोन झाल्या. डॉक्टरांनी बाबांची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. आठ दिवस बाबा या जगात की त्या, काही कळत नव्हतं. ते वाचले, पण त्यानंतर जिना चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचे. आणि शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं, दोष विहिरीच्या पाण्याचा. विहिरीशेजारी इस्पितळाचे कपडे धुणारी एक मावशी राहायची. तिच्याच घाणीने पाणी नासलं. महिन्याभरात मावशीचं काम गेलं आणि बिऱ्हाडही. करून गेली बेडकी, बोल मात्र विहिरीला. हातगाडीवर गाठोडी बांधताना मावशी तिच्याकडे बघून म्हणाली होती, "बाबांना जप हो, बाळे."

रविवारी सकाळी तिने दादाच्या घरची कडी वाजवली. "चल माझ्याबरोबर. विचारू नकोस."

दादा सदुसष्टचा, गुडघ्यांनी बेजार. तरी बहिणीचं तोंड बघून त्याने चपला घातल्या.

मोजणीदारांच्या मागच्या अंगणात घमेलं होतं, वर फळी. मुलगी सुरीला धार लावत होती. "या, या! वेळेवर आलात," मोजणीदार म्हणाले आणि त्यांनी फळी सरकवली. आठ होते. सात हिरवट, ओले, एकमेकांवर चढणारे. आठवा कडेला, मातीच्या ढेकळासारखा.

तिने घमेल्याची कड धरली. "हा नका घेऊ. हा विषारी. याच्याबरोबरचेही नकोत, याचं अंग लागलंय त्यांना."

"अहो, उगाच घाबरवू नका," मुलगी हसली. "सोलल्यावर काय राहतं?"

"राहतं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की दादा दचकला. "मी सोलला होता. माझ्या हातांनी. बाबांना वाढला होता."

मुलीने सुरी खाली ठेवली. मोजणीदारांनी घमेलं उचललं आणि डबक्याकडे चालू लागले.

परतीच्या वाटेवर दादा दोन पावलं पुढे. ती त्याच्या पाठीकडे बघत चालत होती. औषधाच्या दुकानापाशी तो थांबला.

"म्हणजे विहीर नव्हती."

"नाही."

"आणि मी त्या मावशीच्या दारावर दगड मारला होता. सगळी पोरं मारत होती म्हणून." त्याचा आवाज चिरकला. "पंचावन्न वर्षं गप्प बसलीस?"

"भीती वाटायची दादा. आधी बाबांची. मग तुझी. मग कशाची ते कळेनासं झालं."

त्याने दुकानाच्या पायरीला टेकून गुडघा चोळला. मग म्हणाला, "मावशीची मुलगी शिवणकाम करते. कापडबाजाराच्या मागे."

"माहीत आहे. तीस वर्षं मी त्या वाटेने जात नाही."

सोमवारी दोघं गेली. शिवणवाली त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मशीनवर वाकलेली. काठीवालीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा पहिल्यापासून. मशीन थांबलं होतं.

"आई जातानासुद्धा विचारत होती," शिवणवाली अखेर म्हणाली, "मी नक्की काय केलं गं?"

काठीवालीला वाटलं, आता ही हात उगारणार. उगारला असता तर बरंच झालं असतं. पण शिवणवालीने फक्त कापड सरळ केलं.

"मी तुम्हाला बसा म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण विहिरीपाशी जी घरं अजून आहेत, तिथे जाऊन हे सांगा. प्रत्येक घरी. माझ्या आईचं नाव घेऊन."

"सांगते," काठीवाली म्हणाली.

अकरा घरं होती. पहिल्या दाराशी तिचा हात कडीपर्यंत जाईना. दादाने तो धरून वर नेला, आणि कडी तिनेच वाजवली.