साहेबांचा जिल्हा, पहिला मजला

वृद्धाश्रमात नोकरी धरली की किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साचतात. घासायला वेळ कुणाला आहे! अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या आमच्या आश्रमात पहिल्या मजल्याची मी अकरा वर्षं सुपरवायझर आहे. थकलेय. तरी साहेबांचे सांगते.

साहेब म्हणजे ब्याण्णव वर्षांचे ब्रिटिश गृहस्थ, मुलीमुळे अमेरिकेत आलेले. ॲडमिशनच्या फॉर्मसाठी विचारलं, "आधीचा व्यवसाय?"

"आफ्रिकेत एका जिल्ह्यावर राज्य केलं. चोविसाव्या वर्षी!"

मुलगी पुटपुटली, "डॅड, प्लीज!" मी 'सरकारी नोकरी' लिहून मोकळी झाले.

*

त्यांची अंघोळ आमच्या मदतनीस ग्रेसकडे. दुसऱ्याच आठवड्यात कळलं, ग्रेस आफ्रिकेतल्या त्याच जिल्ह्यातली! तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ड्यूटी चेंज करून देऊ का?"

"नको, वैशाली. दुसऱ्या कुणी हात लावला की ते रडतात."

"तू कुठली, ते सांगितलंस त्यांना?"

"अजून नाही."

त्या 'अजून'ने माझी झोप उडाली. ग्रेसने त्यांना सोडलं असतं, तर त्यांचं करणारं दुसरं कुणी नव्हतं.

*

तिकडे आफ्रिकेत साहेब रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून लोकांच्या तक्रारी ऐकत. इथे त्यांनी लॉबीतल्या प्लास्टिकच्या झाडाखाली तेच सुरू केलं. वॉकर घेऊन रांग! सूप थंड, टीव्ही मोठा, शेजारीण घोरते. प्रत्येक तक्रार वहीत, खाली सही, आणि वही माझ्या टेबलावर. "उत्तर उद्यापर्यंत!" मॅनेजरने अकरा वर्षांत पिळलं नाही इतकं या माणसाने पंधरा दिवसांत पिळलं.

*

त्यात भर आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या कुलकर्णी काकांची. हे साताऱ्याकडचे रिटायर्ड नायब तहसीलदार. रांगेत उभं राहून त्यांनी पहिली तक्रार केली ती साहेबांचीच. "आवक नंबर कुठाय? नंबर नसलेला अर्ज म्हणजे अर्जच नव्हे!"

साहेब खूश. "अखेर एक कामाचा माणूस भेटला!"

दुसऱ्या दिवसापासून काका रजिस्टर घेऊन शेजारी. थंड सुपालाही आवक नंबर पडू लागला. मी हात जोडले, "काका, दया करा हो माझ्यावर."

"वैशाली, अर्ज लेखी दे."

*

गेल्या मंगळवारी ग्रेस रांगेत उभी राहिली.

"तक्रार?" साहेबांनी वर न बघता विचारलं.

ग्रेसने आपल्या गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी वर पाहिलं.

"माझ्या आजोबांच्या बावीस गाई. तुमच्या ऑफिसने नेल्या. गुन्हा एकाचा, दंड अख्ख्या गावाला. नोटिशीवर सही तुमची होती. आजोबांनी अर्ज केला, उत्तर आलं नाही."

साहेबांचं पेन कागदावर तसंच राहिलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी रजिस्टर मिटलं.

"हा अर्ज जुना आहे, साहेब. याचा आवक नंबर तुमच्याकडेच असणार."

साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ते ग्रेससमोर उठायला लागले. इथे आल्यापासून ते कधी एकटे उठले नव्हते. जमेना. तरी सोडेनात. मान खाली.

ग्रेसने त्यांच्या बगलेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.