काचेतलं पदक

"हात धुऊन ये, मग हात लाव."

मी साहेबांच्या बंगल्यावर कामाला. तिथल्या वहिनीसाहेब मला पाहुण्यांदेखत असं म्हणाल्या. कशाला हात लावायचा, तर माझ्याच पोरीच्या पदकाला.

मुळापासून सांगते. माझी धाकटी बॉक्सिंग खेळती. अंगानं दांडगी, म्हणून सगळ्यात वरच्या वजनात. त्या गटाला वर हद्द न्हाय. समोर केवढीबी जड बाई येऊ दे, मला हलकी द्या म्हणता येत न्हाय. आमच्या निरवांगीत तिला रोडरोलर म्हणायचे. मला रडू यायचं, ती हसायची. साहेबांच्या उसाकडंला बाभळीला वाळूचं पोतं टांगून बुक्क्या मारायची.

परदेशात देशाकडून खेळली. सेमी फायनलला नाकाचं हाड मोडलं, तरी शेवटपर्यंत उभी राहिली. हरली. पण तिथवर पोचलेल्या दोन्ही हरणारींना कांस्य मिळतं. पदक गळ्यात घातलं तवाबी तिचं नाक गळत होतं.

बावडा गावात सत्कार झाला. स्टेजवरल्या समद्या पुढाऱ्यांना फेटे बांधले. पोरीची पाळी आली तवर फेटे संपले. मग तिची खणानारळानं ओटी भरली. साहेबांनी तिचं पदक आपल्या गळ्यात घालून फोटो काढले. म्हणाले, "ह्ये बंगल्यावर राहू दे. तुमच्या खोलीत उंदरं कुरतडतील."

मी हात जोडले. मीच व्हय म्हणाले. खोली त्यांची, बंगल्यावरचं काम त्यांचं. न्हाय कुठल्या तोंडानं म्हणायचं? पोर माझ्याकडं बघत राहिली. मग शिबिराला गेली.

तवापासून पदक बंगल्यातल्या काचेच्या कपाटात, आन रोज सकाळी ती काच मी पुसायची. आत पदक, बाहेर मी, कपाटाला कुलूप. पोर फोनवर विचारायची, "आई, बघितलंस का गं आज?"

"बघितलं बाई. चकाकतंय."

त्या दिवशी बारामतीचे पाहुणे आले. एकजण म्हणाला, "म्हंजी हरून मिळालं की ओ."

साहेब हसले. "हरू द्या. म्हशीला वैरण तर आमीच घातली न्हवं?"

पाहुण्यांना पदक दाखवायला वहिनीसाहेबांनी कुलूप काढलं. मी हात पुढं केला, तवाच त्या हात धुवायचं बोलल्या. मी हात धुतले, साबण लावून. पदक उचललं. पट्टीवर तपकिरी डाग होता. पोरीच्या नाकाचं रक्त. एवढे दिस काच पुसली, पण काचेतनं तो कधी दिसलाच न्हवता.

पदक पदरात बांधलं आणि दाराकडं निघाले.

"कुठं गं?" साहेब.

"ह्ये माझ्या पोरीचं हाय."

"खोली कुणाची, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. खोली घ्या."

बोचकं बांधून ठेवलंय. आजूबाजूला साहेबांच्या शब्दाबाहेर कुणी काम देणार न्हाय. इंदापुरात बघीन. पोरीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, समोरचं लई जड हाय गं."

"ठाव हाय," म्हणलं. "हलकं कुणी मागितलंय?"

खोलीची किल्ली मागायला माणूस येईल. किल्ली देईन. पदक न्हाय.