वारंगुळ्याचा दिवस

ठेकेदार शहाळी घेऊन आला तेव्हाच मला संशय आला. इतकी वर्षं आमच्या दारावरून गाडी न थांबवता जाणारा माणूस आत येऊन बसला आणि मागून दुसरा चहा प्यायला.

"काळजी करू नका वयनी, दवाखान्याचं मी बघतो. फक्त बाहेर बोलू नका. आपलं घरातलंच हाय."

आतल्या खोलीत माझी धाकटी जाऊ हाताला बँडेज बांधून पडली होती. लवळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये ती त्याच्याकडे कामाला होती. कणीक मळायच्या मशीनवरची जाळी धुवायला वेळ जातो म्हणून काढून ठेवलेली. उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली.

तो गेल्यावर मी कागद घेतला. मशीनचा फोटो कोणाकडे मिळेल, दवाखान्यात कोणी नेलं, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत होते का, शेजारी कोण उभं होतं. जाऊ एकेक सांगत गेली आणि शेवटी म्हणाली,

"अक्का, त्या दिवशी माजी सुट्टी हुती. शेजारच्या वयनीच्या जागी गेल्ते."

भाताच्या लावणीत आमच्याकडे वारंगुळा चालतो. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. बायकांनी तोच कँटीनमध्ये नेला होता. एकीच्या घरी काही निघालं की दुसरी जायची, हजेरी पहिलीच्याच नावावर लागायची. शेजारीण त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला माहेरी गेली होती.

पौडच्या कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो असं कळलं. फुकटच्या गोष्टीवर माझा विश्वास नसतो, पण आम्ही दोघी गेलो. वकीलबाईंनी सरळ सांगितलं. कामावर इजा झाली की भरपाई मागता येते. ठेकेदाराने हात वर केले तर ज्यांचं कँटीन आहे त्यांच्याकडूनही मागता येते. ईएसआय असता तर मार्ग वेगळा होता. पण तो कापलाच जात नव्हता.

"पण हजेरीला नाव दुसरीचं आहे," त्या म्हणाल्या. "ती येऊन सांगेल का?"

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला. या वेळी आवाजात शहाळं नव्हतं. "ती त्या दिवशी कामावरच नव्हती. घरी कुठंतरी बोटं घातली असतील."

आम्ही पौडला गेलो हे त्याला कोणी सांगितलं? त्याच आठवड्यात त्याने शेजारणीला पोळ्यांच्या कामावरून उचलून कूपन फाडायला खुर्चीत बसवलं होतं. मी तिच्याकडे गेले. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, पाट पुढे केला नाही.

"त्यो म्हनतोय, नाव तुजं हाय म्हंजी तूच हुतीस."

"मग तू काय म्हणालीस?"

"बघते म्हनलं."

हे 'बघते' मला अजिबात आवडलं नाही. जाऊ म्हणाली, "येईल ती." मी म्हटलं, "खुर्ची सोडून कोण येतंय?"

अर्ज लिहायच्या दिवशी शेजारणीने फोन उचलला नाही. वकीलबाई दोनदा दाराकडे बघून कागद आवरायला लागल्या. तेवढ्यात ती आली, घामाघूम. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. जावेला म्हणाली, "तुजा एक दिस माज्यावर हाय. त्यो फेडाय आले."

माझा संशय तरी जाईना. मी विचारलं, "तू हिला पाठवलंस हे ठेकेदाराला माहीत होतं?"

"म्हंजी? मी माहेरी जाते म्हनलं, तर त्योच म्हनला, कुनालाबी पाठव, कनीक मळली पायजे. ही गेली तवा दारात त्योच हुता, उकिडवा बसून बायका मोजत. इचार हिला."

वकीलबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे पुन्हा सांगा. सावकाश."

अर्ज दाखल झाला. शेजारणीची खुर्ची गेली, मागोमाग कामही गेलं. तिच्यासाठी काय करता येईल ते वकीलबाई बघताहेत. ठेकेदाराचा माणूस अधूनमधून तिच्या दाराशी दिसतो. जाऊ म्हणते, आता ती फिरायची नाही. असेल. पण तारखेला पौडला जाताना रिक्षात मी तिला आमच्या दोघींच्या मधे बसवते.