हात मांड्यांखाली घेणारा माणूस

बायको गेल्यावर तिचा एक कागद आणायला धंतोलीच्या दवाखान्यात गेलो होतो. निघताना सुनेनं विचारलं होतं, "बाबा, आईच्या साड्या देऊन टाकू काय?" मी चपला घातल्या.

दवाखान्यातला कम्प्युटर बंद. सगळ्या पेशंटची माहिती त्यातच. दुरुस्तीला एक जाडा माणूस आला होता. कानावर पेन्सिल, पण लिहिताना एकदाही दिसला नाही. लिनक्सवरचं डेटाबेसचं पॅकेज अर्धवट बसून बिघडलं, ते काढून नवीन टाकतो म्हणाला. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. पण त्याची एक सवय पाहिली. पडद्यावर प्रश्न आला की तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा आणि वाचायचा.

काउंटरवरची बाई करवादली, "दाबा ना भाऊ, लोकं खोळंबले!"

"मॅडम, हे विचारून राहिलं, जुना डेटाही पुसू काय? हो म्हटलं की गेलं सारं. हात लय घाई करतात, म्हणून बसवून ठेवतो."

मग त्यानं 'नाही' दाबलं. थोड्या वेळानं बायकोचं नाव पडद्यावर आलं. कागद घेतला, निघालो. त्याचं नाव विचारलं नाही.

घरी सून कपाट उघडून उभी होती. "बाबा, देऊ ना?"

मी पलंगावर बसलो. हात मांड्यांखाली घेतले.

"थांब वं," म्हटलं. "निळी तू नेस. बाकीच्यांचं मले आज विचारू नको."