फळीवरची रिकामी जागा

सुपारी दातांनी फोडता येते हे मेहुण्याला दाखवायला गेलो, आणि सुपारी अखंड राहून दात फुटला. तो दात आधीच मेलेला होता. त्याची नस काढताना पुलगावच्या नानांनी बजावलं होतं, "मेलेला दात वाळल्या लाकडासारखा असते. वरून टोपी नाई बसवली, तर एक दिवस चिरते." मी म्हटलं होतं, दुखत तर नाही, बघू पुढे.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. आमच्या भागात दातांना टोप्या बसवणारे ते एकटेच, म्हणून टोपीवाले नाना. उंच, हडकुळे. डोळ्यांत न बघता तोंडात बघून बोलायचे. रस्त्यात भेटले तरी आपण हसेपर्यंत त्यांना परकेच.

उरलेला दात त्यांनी चारी बाजूंनी घासून बारीक केला. ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतून माझ्या दातांचा पांढरा साचा बनवला. टोपी आधी त्या साच्यावर घडणार, मग दातावर चढणार. भिंतीवरच्या लांब फळीवर असे कितीतरी साचे मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव. टोकाला नानांचा स्वतःचाही. सगळा तालुका आ वासून आपल्याकडे बघतो आहे, असं वाटे.

माणूस गेला की नाना त्याचा साचा वर्धा नदीत सोडून येत. "दात बी हाडच. हाडं पाण्यात जाते, मंग साचा काऊन मागं राहावा?" इथवर ठीक होतं. पण माझं प्लास्टर वाळेपर्यंत त्यांनी आंजीच्या एका दुकानदाराचा साचा उतरवला, पुसला, पांढऱ्या फडक्यात बांधला. मी विचारलं, "वारले का?"

"अजून नाई," गाठ मारत नाना म्हणाले.

संध्याकाळी वर्ध्याला उतरलो, तर स्टेशनावरच बातमी कळली.

टोपी बसवायच्या दिवशी बायकोला सोबत नेलं. भीतीपोटी नव्हे, तिला पुलगाव बघायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. नानांनी सिमेंट लावून टोपी दाबली, चावायला लावलं, उंच लागली तिथे घासली. "आता हा तुमच्या आधी नाई जात," म्हणाले. मी चूळ भरायला अंगणात गेलो. परत आलो तर फळीवर माझ्या नावाच्या वरची जागा रिकामी. विचारायची हिंमत झाली नाही.

पुढचे आठ दिवस मी सायकलीला हात लावला नाही, विहिरीत डोकावलो नाही, खिचडीही मऊ करवून खाल्ली. तोंडात दात लोखंडाचा, बाकी सगळा मी पाण्याचा. बायको मात्र निवांत ज्वारी निवडत बसे.

नवव्या दिवशी निरोप आला, नाना झोपेतच गेले. मी पुलगावला धावलो. फळीवर आता दोन जागा रिकाम्या होत्या, माझी आणि टोकाची. त्यांचा मुलगा म्हणाला, बाबा काल संध्याकाळी फडक्यात काहीतरी बांधून नदीवर गेलते.

घरी येऊन बायकोला हे सांगताना माझी बत्तिशी वाजत होती, टोपीसकट. तिनं ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला, माझा साचा वर काढला आणि फुंकून त्यातले दाणे उडवले.

"तुमी चूळ भरून राह्यले होते, तवा हा त्यांच्या हातात होता," ती म्हणाली. "फडकंबी पसरलं होतं. मी म्हटलं, हा मी नाई देत. तर हसले. म्हणे, बरं बाई, मंग माझाच नेतो."