डाव्या कडेची मोकळी फळी

गंगेकाठच्या भोयाची मी पोर. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. राज्य निजामाचं होतं, पण डोहात हुकूम चालायचा तो तिचाच.

माझा थोरला भाऊ त्या डोहात गेला तो होडीपायी. आंब्याच्या एका बुंध्यातून कोरलेली होडी, पोटाला गोल. जाळं ओढायचं ते उजव्या कडेवरून. त्यानं वाकून ओढ दिली, होडी कुशीवर वळली, आणि संपलं. मढंसुद्धा हाती लागलं नाही.

आता जाळं ओढायला घरात मीच उरले. माय बापाला म्हणाली, "एक गिळलं तिनं. आता ही पण द्यायची व्हय?" पण पोट गप्प बसतं का? शेवटी त्यानं शब्द दिला, नवी होडी अशी करतो की उलटायचीच नाही.

नेकनूरहून सुतार आणला. बैलगाड्या करणारा गडी, पण तोंड लई चालायचं. सागवान सरकारी जंगलातलं, त्याला हात लावायची सोय नाही. आंबा कुजतो, बाभळ चिरते. "जांभूळ घ्या," तो म्हणाला. "विहिरीच्या तळाला जांभूळच घालतेत. पाण्यात कुजत न्हाई." होडीचा तळ सपाट, रुंद. उजवी कड बुटकी, म्हणजे ओढताना फार वाकायला नको. बा मागं वल्ह्यावर, मी मधी उजवीकडं. माझ्या पाठीशी, डाव्या कडेला, एक फळी. तिच्यावर दगडांचं पोतं ठेवायचं, वजनाला वजन.

इथं बा अडला. आमच्यात ज्याचं मढं सापडत नाही, त्याची जागा होडीत मोकळी ठेवतात. तिथं बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. "ती फळी पोराची," बा म्हणाला.

सुतार भडकला. "डोकं फिरलं का बे? मेल्याला जागा देतो आन् जितीला पाण्यात लोटतो?"

मलाही तेच वाटत होतं. पण बापापुढं बोलायची टाप होती का कोणाची! त्या फळीचा मला असा राग यायचा म्हणून सांगू. भावाचाही यायचा. मेला तरी थोरलेपणा सोडत नव्हता.

होडी पाण्यात गेली, आणि वेगळंच झालं. मी उजवीकडं एकटी, डावीकडं कोणी नाही, तरी होडी तराजूसारखी सरळ. बा म्हणायचा, जांभूळ पाणी पिऊन जड झालंय, म्हणून डुलत नाही. मी मागं वळून बघायचंच सोडलं.

एकदा भर दुपारी जाळं जड झालं. वारा नाही, पाखरू नाही. तळाशी कशात तरी अडकलं होतं, आणि दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली. बुटकी कड पाण्याला टेकली. पाणी माझ्या मांडीवर आलं.

"सोड गं, सोड!" बा ओरडला. सोडू कशी?

तेवढ्यात डावी बाजू धपकन खाली गेली. फळी करकरली, दमलेला माणूस टेकावा तशी. होडी सावरली, जाळं सुटून वर आलं. आत काहीच नव्हतं.

मी वळून पाहिलं. पाणी आलं होतं उजवीकडून. ओली होती ती डावी फळी, एका माणसाच्या बसण्यापुरती. बानंही पाहिली. मग त्यानं होडी काठाला लावली.

माय काठावरच होती. तिनं मला पोटाशी धरलं. बानं सगळं सांगितलं, तशी मला सोडून ती त्याच्या अंगावर धावली.

"मंग त्याला तसाच बसवून ठिवला व्हय? पोरगं वलं झालंय माझं! त्याला उतरून का न्हाई घेतलं?"

ती लुगड्यानिशी पाण्यात शिरली आणि फळीपुढं हात धरून उभी राहिली. "ये माझ्या राजा. लई बसलास. उतर आता."

होडी डावीकडून हळूच वर आली.

दुसऱ्या दिवशी बानं स्वतःच त्या फळीवर दगडांचं पोतं ठेवलं.