सिस्टरबाईंच्या दोन खोल्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता विसरलोही. पण ज्यात साधा गुन्हासुद्धा दाखल झाला नाही, असं एक प्रकरण काही केल्या माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं किंवा कुणाचं नाव लिहीत नाही. एका सकाळी एक निवृत्त नर्सबाई अर्ज घेऊन आल्या. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी लेकरं त्यांच्या हातून जन्मलेली, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. नवरा वारलेला, एकुलती मुलगी नागपूरला. घराच्या माडीवरच्या दोन खोल्या दर्शनाला येणाऱ्या लोकांना मुक्कामासाठी द्यायच्या, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी करायची होती आणि नोंदणीला पोलिसांचा दाखला हवा होता.

"लेक म्हणते, इकडंच येऊन ऱ्हा. पण मला न्हाई जायचं, साहेब," त्या म्हणाल्या. "घरात माणसांची ये-जा असली तर मी इथंच राहीन. रिकाम्या घरात जीव रमत न्हाई."

त्यांनी एक रजिस्टरही आणलं होतं. ओळखीतून आलेल्या काही यात्रेकरूंना त्यांनी पाहुणे म्हणून ठेवून घेतलं होतं. त्यांच्या नोंदी लसीकरणाच्या वहीसारख्या, रेघा मारून, स्वच्छ अक्षरात. "नोंद बराबर हाय का बघा," म्हणाल्या. मी एका ओळीवर बोट ठेवलं. खोली एक, पुरुष आणि बाई, आडनावं वेगळी.

"सख्खे भाऊ-बहीण हायेत. तिचं ऑपरेशन झालेलं, एकटीला कसं ठेवावं?"

मला पटलं. दाखल्यावर तिथेच सही करता आली असती. पण आलेला कागद आल्या दिवशी मोकळा करायचा नाही, ही आमच्याकडची जुनी खोड. रजिस्टर पाहतो म्हणून ठेवून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

गावातला एक लॉजवाला रोज अकराच्या चहाला माझ्या केबिनमध्ये येत असे. शांतता समितीचा सदस्य, सणावाराला बंदोबस्तातल्या पोरांच्या जेवणाची सोय करणारा. अशी माणसं बहुतेक ठाण्यांत असतात आणि हळूहळू आपण त्यांना घरचंच समजू लागतो.

आठवडाभरातच टपालाने निनावी अर्ज आला, टाईप केलेला. 'सदर महिलेच्या घरी भिन्न आडनावांचे स्त्री-पुरुष एका खोलीत मुक्कामास असतात. गैरधंद्याचा संशय आहे.' प्रत हिंगोलीला वरिष्ठांकडे. वर प्रत गेली की खालच्या अधिकाऱ्याचं डोकं चालेनासं होतं, हात तेवढे चालतात. मी जीप काढली, दोन महिला शिपाई घेतल्या आणि ऐन बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, वर्दीत सिस्टरबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

माडीवर काय होतं? धुतलेल्या चादरी, पाण्याचा माठ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी पाहुण्यांसाठी लिहून ठेवलेली नागनाथाच्या आरतीची वेळ. खाली रस्त्यावर ही गर्दी जमली. मी सिस्टरबाईंना जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं.

सराईत माणूस ठाण्यात पाय पसरून बसतो. साध्या माणसाला आपल्याला इथे कोणी पाहील याचीच धास्ती असते. सिस्टरबाई संध्याकाळपर्यंत दाराकडे पाठ करून बसल्या होत्या.

"ती दोघं कोण होती?" मी विचारलं.

"साहेब, तुमाला तर सांगितलं होतं मी."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पाच वेळा विचारलं, पाचही वेळा तेच उत्तर. शेवटी त्या भावाला फोन लावला. शब्द न् शब्द खरा निघाला. त्यांना घरी सोडलं.

खरा सुगावा लागला तो आमच्या जुन्या हवालदारामुळे. अर्ज वाचून तो म्हणाला, "साहेब, आडनावांची गोष्ट फक्त रजिस्टरात हाय. अन् रजिस्टर तर तुमच्या खणात. मंग भायेर गेली कशी?"

त्या खोल्या सुरू झाल्या तर गिऱ्हाईक कुणाचं तुटणार होतं, ते उघड होतं. मी लॉजवाल्याला बोलावून फैलावर घेतलं. टेबलावर हात आपटून विचारलं, "माझ्या खणातलं रजिस्टर कधी पाहिलंस?"

तो घाबरला नाही. उलट चक्रावला.

"मी काहून पाहू, साहेब? तुमीच तर सांगितलं. चहा पिता पिता म्हणले, सिस्टरबाईच्या वहीत खोली एक अन् आडनावं दोन. हासले बी. मला वाटलं, तुमाला बी संशय हाय. मंग टाकला अर्ज."

मला आठवलं. दोन घोटांच्या मध्ये, गंमत म्हणून बोललो होतो. भाऊ-बहीण आहेत, हे सांगायचं राहून गेलं होतं.

कायद्याने त्याचा जबाब घ्यायला हवा होता. पण जबाबात माझं नाव आलं असतं. मी त्याला दम देऊन सोडला आणि अहवालात लिहिलं, 'अर्जात तथ्य नाही. अर्जदाराचा शोध लागला नाही.' दाखल्यावर सही केली आणि साध्या कपड्यांत तो स्वतः नेऊन दिला.

सिस्टरबाईंनी तो नीट वाचला. "अर्ज कोणी केला, साहेब?"

"निनावी होता. कळलं नाही."

"मंग लोकाला कसं कळावं, की मी खरी हाय? जीप समद्यांनी पाह्यली. हा कागद कोण पाहून राहिलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी चहासुद्धा न घेता उठलो.

पुढे ओळखीच्या घरांनी पाहुणे पाठवणं बंद केलं. इंजेक्शन द्यायला बोलावणाऱ्या शेजारणीही येईनाशा झाल्या. काही महिन्यांनी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. बदली होऊन निघालो तेव्हा त्या घराला कुलूप होतं.

तपासाला गेलेली जीपसुद्धा माणसाला शिक्षा करून येते, हे मला फार उशिरा कळलं. मला त्याची लाज वाटते. तेव्हा जो जबाब टाळला, तो आता देतो. ती गोष्ट मीच बोललो. सिस्टरबाईंचा काहीही दोष नव्हता. हा जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.